मायला न दिलेलं औषध

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. नालवाडीला आमचा भाजीचा मळा होता. माय मेथी-वांगी खुडायची, टोपलं डोक्यावर घेऊन वर्ध्याच्या बाजारात पायी जायची. त्यावर मी बी.ए. झालो. घराण्यातला पहिला. त्याचा अभिमान होता, आजही आहे — म्हणूनच पुढचं लिहायला इतकी वर्षं लागली.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास मायला गर्भाशयाचा कॅन्सर झाला. नागपूरला विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, दिले, गाठ गेली. पण वर्षभरानं शौचावाटे रक्त पडू लागलं. डॉक्टर म्हणाले, हा कॅन्सर नाही, शेकानं आतडं सुजलंय, ऑपरेशन नको. गोळ्या दिल्या, आणि एक पातळ औषध — रोज संध्याकाळी तिला डाव्या कुशीवर निजवून, रबरी नळीनं गुदद्वारातून आत सोडायचं, अर्धा तास आतच राहू द्यायचं. मलाच नीट समजावलं. शिकलेला ना मी!

आणि मी काय केलं? बाटल्या धान्याच्या कोठीमागं लपवल्या. मायला गोळ्या तेवढ्या दिल्या. आईला नळी लावायची? बायकोला तसं सांगायचं? — जीभच रेटेना. एवढी साधी गोष्ट हो! आठवलं की स्वतःचाच संताप येतो. माय चिडवायची, "काऊन रे बाबू, एवढा मोठा डॉक्टर, अन् दोन गोळ्याच देल्ल्या?" मी हसायचो. ती पांढरीफटक पडत चालली होती — आणि मी हसायचो.

महिन्यानं डॉक्टरांनी विचारलं, औषध रोज सोडता ना? "रोज," मी म्हणालो. मग औषधानं भागत नाही, ते म्हणाले. आता पोट उघडून शौचाची वाट पोटावर काढावी लागेल. तेव्हा तरी खरं बोलावं की नाही? नाहीच बोललो. अजून थोडे दिवस औषध देऊन पाहू, म्हणालो. अल्लीपूरहून मोठ्या बहिणीला आणलं, नवीन औषध आलंय म्हणून सांगितलं. तिनं पदर खोचला. "इतकुसं काम, अन् तुले घाम फुटून राह्यला!"

नळी लावली बहिणीनं; नाव झालं माझं. लग्न असो, बारसं असो — पोरगा शिकला म्हणून माय वाचली, हेच पुराण. ऐकून वैताग यायचा, पण एकदाही खोडून काढलं नाही. तो पहिला महिना माय रक्त गाळत राहिली, ती माझ्यामुळं.

बहिणीनं नळी लावायला घेतल्यापासून सहा आठवड्यांत रक्त थांबलं. पोट उघडावं लागलं नाही. त्यानंतर माय नऊ वर्षं जगली.