अकरा कूलर आणि आमची वहिनी

तुम्हाला कधी सख्ख्या वहिनीचा हेवा वाटलाय का? तिच्या घराचा किंवा पगाराचा म्हणत नाही मी, तिच्या हाताचा. वाटला नसेल तर तुम्ही नशीबवान. आणि वाटूनही "छे, आमच्यात तसलं काही नाही" म्हणत असाल, तर तुम्ही माझ्याच जातकुळीचे.

मी वीस वर्षं आपल्या या कामगार संघटनेत काढली. लाठ्या खाल्ल्या, साहेबलोकांना त्यांच्याच केबिनमध्ये घाम फोडला. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं माझं मी शिकलो, कॉम्प्युटरसुद्धा. वस्तीत कुणाचं मशीन बंद पडलं की हाक मला यायची. मग माझ्या थोरल्या भावाचं लग्न झालं.

वहिनी तेव्हा एका विम्याच्या ऑफिसात फरशी पुसायची. मशीन दुरुस्त करायला माणूस आला की फडकं बाजूला ठेवून त्याच्यासाठी बॅटरी धरून उभी राहायची. एकदा घरी येऊन मला विचारते, "भावजी, त्या चौकोनी चकतीवर तो माणूस टूथपेस्टसारखं काय लावतो?"

मी ऐटीत समजावलं. ती चकती म्हणजे प्रोसेसर, कॉम्प्युटरचं डोकं. काम करताना तापतं. वर जो पंखेवाला कूलर बसतो तो ती उष्णता ओढून घेतो. पण दोन्ही धातू दिसायला सपाट असले तरी मध्ये बारीक खड्डे राहतात, त्यात हवा अडकते. ते खड्डे पेस्टने भरायचे.

"म्हणजे खड्डे बुजण्यापुरतीच लावायची," ती म्हणाली.

"भरपूर लावायची," मी म्हणालो. "कमी पडायला नको."

ती नुसती हसली आणि भांडी घासायला वळली. तिचं ते हसणं मला तेव्हाच खटकलं होतं.

दोन वर्षांत तिने झाडू सोडला आणि शिंप्याच्या दुकानातल्या एका कोपऱ्यात टेबल मांडलं. एका बाजूला पँटी उसवतायत, दुसऱ्या बाजूला ही कॉम्प्युटर उघडून बसलेली. लोकांनी आधी हसून घेतलं, मग रांग लावली. मी रस्त्याने गेलो की विचारायचे, "वहिनी आहेत का दुकानात?" वहिनी माझी, आणि ती अख्ख्या वस्तीची होऊन बसली. मला विचारायचे ते फक्त मोर्चा किती वाजता. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. भाऊ ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर, आला की म्हणायचा, "तुझी वहिनी बघ कशी नाव काढते." मी म्हणायचो, "शिकवलं कुणी?"

आता मुद्द्यावर येतो. गेल्या महिन्यात संघटनेला अकरा जुने कॉम्प्युटर मिळाले. कामगार नोंदणीचे फॉर्म आता ऑनलाइनच भरावे लागतात, मुदत चार दिवसांवर आलेली. कार्यालयामागची खोली मी झाडून घेतली, वायरी मी ओढल्या. पंखे घरघरत होते म्हणून अकरा नवे कूलर आणले आणि रविवारभर बसून एकट्याने बसवले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "वहिनींना बोलवू का मदतीला?" मी म्हणालो, "का, माझे हात झडलेत?" अध्यक्षबाई जन्मभर हॉस्पिटलात नर्स होत्या, रागावलेल्या माणसाशी वाद घालत नाहीत.

सोमवारी सकाळी साठ माणसं फॉर्म भरायला जमली, अकराजण मशीनसमोर आणि बाकीचे मागे रांगेत. दहाव्या मिनिटाला पहिलं मशीन विझलं. मग तिसरं, मग सातवं. लोक अर्ध्या फॉर्मवर, आणि समोर काळा पडदा. एक म्हातारा म्हणाला, "पुढारी, तुमच्यासारखंच आहे हे. गरम झालं की बंद." सगळे हसले. अध्यक्षबाईंनी मला न विचारता माणूस पाठवला आणि वहिनी आली.

तिने एका कॉम्प्युटरची पेटी उघडली. कूलर सरळ उपटला नाही, आधी हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सैल केला, मग उचलला. माझी पेस्ट चारी बाजूंनी बाहेर ओघळलेली, भिंतीला गिलावा करावा तशी. तिने कूलर उलटा केला आणि थांबली. मी तिच्या खांद्याजवळ होतो, म्हणून मलाही दिसलं. कूलरच्या तळाला पातळ पारदर्शक प्लास्टिक चिकटलेलं होतं. नवीन माल चरे पडू नयेत म्हणून असा झाकून येतो. त्यावर बारीक इंग्रजीत लिहिलेलं होतं, बसवण्याआधी काढा. मी ते वाचलं नव्हतं, कंपनीची जाहिरात समजलो होतो. आधी जेवढे कूलर बसवले ते सगळे जुने, त्यांना हे प्लास्टिक कधी नव्हतंच. अकराच्या अकरा मशिनांच्या डोक्यावर मी रेनकोट घालून ठेवला होता.

तिने नखाने ते सोललं, मुठीत चुरगाळलं आणि ॲप्रनच्या खिशात टाकलं. मागे साठ माणसं. कुणीतरी विचारलं, "काय झालंय वहिनी?"

"पेस्ट खराब निघाली," ती म्हणाली. "भावजींनी बसवलंय ते बरोबर आहे."

मग तिने काम सुरू केलं. स्पिरिटच्या कापडाने दोन्ही धातू आरशासारखे पुसले. स्वतःच्या ट्यूबमधून मधोमध पेस्टचा तांदळाच्या दाण्याएवढा थेंब, बस्स. कूलर एकदाच सरळ खाली टेकवला, परत उचलून बघितला नाही. स्क्रू आवळले ते तिरके, एक या कोपऱ्यातला, मग त्याच्या समोरचा, थोडा थोडा, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो आणि थेंब आपोआप पसरतो. मी तिच्या बोटांकडे बघत होतो आणि जळत होतो. चुकेल म्हणून वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू. अकरा वेळा वाट बघितली. दीड वाजता सगळी मशीनं चालू झाली आणि चालूच राहिली.

बाहेरच्या बोळात मी तिला गाठलं.

"माझ्यावर उपकार करतेस का?"

"तुमच्यावर कशाला?" ती हात पुसत म्हणाली. "खरं बोलले असते तर तुम्ही भांडायला उठला असता, आणि लोकांचे फॉर्म राहिले असते. आता तरी भांडू नका, मला तीन गिऱ्हाइकं थांबलीत."

या वाक्याने जेवढं लागलं तेवढं लाठीनेही कधी लागलं नव्हतं.

आणि मी काय केलं? दुसऱ्या दिवशी चार पोरं घेऊन पेस्टवाल्याच्या दुकानावर गेलो. खराब माल विकतोस म्हणून रस्त्यावर आवाज चढवला. बिचाऱ्याने हात जोडून नवी ट्यूब दिली. ती मी घेतली.

पुढच्याच बैठकीत ठरलं की त्या खोलीला पगारी माणूस हवा. अध्यक्षबाई म्हणाल्या, खोली यांनीच उभी केली, पेस्ट खराब निघाली त्यात यांचा काय दोष. किल्ली माझ्या हातात आली, सर्वसाधारण सभेने शिक्कामोर्तब करेपर्यंत. मी गप्प बसलो. तेव्हा मला ठाऊक होतं की शिंपी दुकान बंद करून मुलाकडे राहायला चाललाय आणि या महिनाअखेर वहिनीचं टेबल रस्त्यावर येणार. त्या पगारी जागेबद्दल तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, आणि मग निदान भांडण तरी झालं असतं.

परवा त्या खोलीत बाराव्या मशीनची भर पडली. कूलर लावायची वेळ आली तेव्हा किल्लीवाला मी, आणि लोक दारातूनच विचारत होते, "वहिनी कधी येणारेत?" मी दार लोटून घेतलं. ते मशीन अजून तसंच उघडं पडून आहे.

म्हणून हे आपल्या संघटनेच्या पत्रकात छापायला दिलंय. पेस्टवाल्याची माफी मी दुकानात जाऊन मागितली, त्याने पाणीही विचारलं नाही, बरोबर केलं. हेवा मात्र गेलेला नाही. तिच्या टेबलासमोरून जाताना मी अजून रस्ता ओलांडतो. पण त्या खोलीला जो हात लागतो तो माझ्याकडे नाही, तिच्याकडे आहे, आणि हे वस्तीत माझ्याइतकं कुणाला पटलेलं नसेल. रविवारी दहा वाजता सभा आहे. मी तिचं नाव सुचवणार आहे. तुम्ही या, तिच्यासाठी हात वर करा, आणि करताना माझ्या तोंडाकडे बघू नका.