मावशींचं पोतं

भाऊंना समोर माणूस बसल्याशिवाय चित्र काढता यायचं नाही. टाकव्याच्या शाळेतून निवृत्त झालेले हाडाचे चित्रकला शिक्षक. पण साधा आंबा काढायचा तरी झाडापुढे जाऊन बसणार. मी तेव्हा लोणावळ्याच्या आमच्या छोट्या प्रकाशनासाठी एका जुन्या स्पॅनिश कादंबरीचा अनुवाद करत होतो. स्वतःला शूर सरदार समजणारा खुळा म्हातारा आणि गाढवावर बसून त्याच्यामागे हिंडणारा त्याचा गुबगुबीत सोबती, अशी ती गोष्ट. चित्रं भाऊंकडे दिली.

म्हातारा त्यांनी आरशात बघून काढला. राक्षस समजून तो ज्यांच्यावर चालून जातो त्या पवनचक्क्या आंदर मावळच्या डोंगरावर उभ्याच होत्या. सोबत्यासाठी त्यांनी बायकोलाच, म्हणजे मावशींना, डोक्याला टॉवेल गुंडाळून भाताच्या पोत्यावर बसवलं. मावशी ठेंगण्या, गोलमटोल. पोत्यावर बसल्या बसल्या लसूण सोलायच्या आणि ह्यांच्या नादानं या वयात गाढवावर बसले बाई, म्हणून हसायच्या. चित्रात नाक नाही, डोळे नाहीत. शाईचे चार काळे गोळे आणि दोन रेघा. तरी गावातलं कुणीही ओळखायचं. मी एकदा म्हटलं, भाऊ, चेहरा तरी काढा.

"चेहरा कुनीबी काढंल," ते म्हणाले. "बसनं जमाया पायजे."

शेवटचं चित्र तेवढं राहिलं होतं: म्हातारा मरणाला टेकलेला, उशाशी सोबती. त्याच आठवड्यात मावशी गेल्या. बसल्या जागी, काही कळायच्या आत.

महिन्याभराने गेलो तर चित्र तयार होतं. खाट, म्हातारा आणि उशाशी रिकामं पोतं, बसून बसून खळगा पडलेलं. मी म्हटलं, इथं सोबती हवा, मूळ गोष्टीत तो आहे.

"आसंल. माज्या समोर कुनी बसलं न्हाई."

मला मेल्याला अक्कल नव्हती. मूळ पुस्तकाशी इमान राखायचं म्हणून पुण्याच्या दुसऱ्या चित्रकाराकडून पोत्यावर एक माणूस काढून घेतला आणि भाऊंना न विचारता छापला. पुस्तक त्यांच्या हातात दिलं तेव्हा ते पान त्यांनी बराच वेळ पाहिलं. चिडले असते तर बरं झालं असतं.

"ह्यो कोन बसलाय हितं?" एवढंच विचारलं, आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठले.

वर्षाच्या आत भाऊही गेले. त्यांच्या मुलीने ती प्रत मला दाखवली. शेवटच्या चित्रातल्या त्या माणसावर पांढरा रंग दिलेला होता आणि त्यावर शाईने पोतं पुन्हा काढलेलं, तोच खळगा. मुलगी म्हणाली, पोतं समोर ठेवून काढलं त्यांनी.

बाकीच्या सगळ्या प्रतींत तो परका माणूस अजून मावशींच्या जागेवर बसलेला आहे. मीच बसवलाय त्याला.