कागद द्या, पिशवी घ्या

फेलिसियाना ब्रितो यांना नेबाह शहरावरच्या डोंगरातलं ते गाव नावाने हाक मारत नसे. लहानथोर सगळे ‘बाई’च म्हणत. बावीस वर्षं एकाच शाळेत काढलेली, त्यातली नऊ मुख्याध्यापिका म्हणून. स्वभाव कडक आणि त्याचा त्यांना अभिमानही. मूल आठवडाभर दिसलं नाही की बाई शाल गुंडाळून थेट त्याच्या दारात, आणि सबबी ऐकत बसायच्या नाहीत, हाताला धरून आणायच्या. यादवी युद्धात गाव जळलं तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. चार वर्षं रानात लपून काढली. परत आल्यावर बरोबरीच्या मुलींपैकी एकही पुन्हा वर्गात बसली नाही. “माझ्या यादीतलं नाव गळायचं नाही,” असं त्या म्हणत, ते काही उगाच नव्हे.

मार्चमधल्या एका सोमवारी साथीपायी देशातल्या शाळा बंद झाल्या. धडे टीव्हीवर आणि रेडिओवर होतील, असा वरून निरोप आला. आता घ्या. गावात टीव्ही तीन, त्यातला एक बिघडलेला. धडे स्पॅनिशमध्ये आणि पोरं घरी डोंगरातली इशिल भाषा बोलणारी. फोनला रेंज फक्त टेकडीवरच्या क्रुसापाशी. इतर दोन शिक्षक नेबाहमध्ये अडकले, कारण गावाने रस्त्यावर ओंडके टाकून येणंजाणंच बंद केलं होतं.

चालू राहिली ती एकच गोष्ट, मुलांच्या जेवणाचा सरकारी शिधा. महिन्याला एक पिशवी, त्यात काळा घेवडा, तांदूळ, तेल, अंडी. बाईंनी तिथेच डोकं चालवलं. त्यांनी हाताने गृहपाठाचे कागद तयार केले आणि पिशवीत घालून दिले. वर नियम केला, की भरलेला कागद आणाल तरच पुढची पिशवी मिळेल. हा नियम कुणी सांगितलेला नव्हता, त्यांच्याच डोक्यातून निघाला होता.

आणि तो चालला. मुलं एकसष्ट, कागद एकसष्ट, दर महिन्याला. अधिकाऱ्यांनी फोनवर शाबासकी दिली, बाकीच्या शाळांनाही हेच करायला सांगतो म्हणाले. बाई जरा फुशारल्याच. एवढे कागद एकटीने तपासायचे म्हणजे खायचं काम नाही, तेव्हा भराभर खुणा करून त्या मोकळ्या होत.

त्यांचा सगळा जीव होता सहावीतल्या तेक्लावर. पोरगी हुशार. पुढच्या वर्षासाठी नेबाहच्या वसतिगृहात बाईंनी तिची जागा शब्द टाकून धरून ठेवली होती. बाईंनंतर गावातून पुढे शिकायला जाणारी ती पहिली मुलगी ठरली असती.

ऑगस्टच्या कागदात प्रश्न होता, तुमच्या घरात कोण कोण राहतं? तेक्लाच्या कागदावर उत्तर होतं: “आई, बाबा, आजी आणि मी. तेक्ला राजधानीला गेली.”

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग शाल न घेताच निघाल्या.

तेक्लाची आई अंगणात कणसं सोलत होती. तिसरीतली धाकटी, पेत्रोना, बाईंना बघून घरात पळाली.

“कधी गेली?” बाईंनी विचारलं.

“मे महिन्यात. ओंडक्यांपलीकडे थांबणाऱ्या भाजीच्या ट्रकमधून. मावशीच्या ओळखीचं मक्याच्या तोर्तियांचं दुकान आहे.”

“बारा वर्षांची आहे गं ती.”

“यांचं काम बंद, बाजार बंद. माझं विणलेलं घेणार कोण? सांगा ना, बाई.”

“मला सांगायचं होतंस. मी स्वतः त्या ट्रकमधून उतरवून आणली असती.”

“कागद नाही तर पिशवी नाही, हे तुम्हीच म्हणालात. पोरगी गेली म्हटलं असतं, तर पिशवी गेली असती.”

“नसती बंद केली मी.”

“हे आम्हाला कसं कळावं?” तिच्या बोलण्यात राग नव्हता. “आणि तेक्लाचा कागद आता हीच भरते, तो बघून घ्या. चुकला असेल तर परत लिहायला लावते.”

बाईंना तिथे बसवेना. स्वतःचाच भयंकर राग आला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरोघर निरोप धाडला, की कागद असो वा नसो, पिशवी सगळ्यांना मिळेल. पुढच्या वाटपाला सगळ्या घरांतून माणसं आली. पिशव्या एकसष्ट गेल्या. कागद आले सव्वीस. उरलेल्या पस्तीस मुलांतली किती गावात होती, किती कधीची निघून गेली होती, हे यादीला ठाऊक नव्हतं आणि बाईंनाही.

त्याच दुपारी त्या क्रुसापाशी चढल्या आणि तेक्लाच्या आईकडून घेतलेला नंबर लावला. वसतिगृहाची जागा अजून आहे, मी न्यायला येते, असं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. फोन दुकानाच्या मालकिणीने उचलला, मग तेक्लाच्या हातात दिला. मागे तोर्तिया थापल्याचा आवाज येत होता.

“तेक्ला, मी बाई बोलतेय.”



“बाई, पेत्रोनाने कागद चुकवला का? तिला ओरडू नका, मी फोनवर सांगते कसं लिहायचं ते. पिशवी तेवढी बंद करू नका.”

“नाही गं. पिशवी चालूच आहे,” बाई म्हणाल्या. वसतिगृहाचं त्यांनी काढलंच नाही.

“बरं,” तेक्ला म्हणाली. “मग ठेवते. गिऱ्हाईक उभं आहे.”