सुती दोरी

धाकट्या डहाणूला खाडीकाठी चिंबोऱ्यांचे पिंजरे बनवणारा तो माणूस मागितला पिंजरा कधीच देत नाही. आधी विचारतो, "सर, टाकणार कुठं? चिखलात का खडकात?" मी शाळेत शिकवतो, रविवारी हौसेनं चिंबोऱ्या धरतो. "चिखलात" म्हटलं की तो हलके पिंजरे पायानंच बाजूला सारतो आणि जाड सळईचा पुढे ढकलतो. "हा भरतीला वाहून जाणार नाय." विषय संपला.

एकदा मी ऑनलाइन मागवलेला घडीचा पिंजरा मुद्दाम त्याला दाखवायला नेला. त्यानं तो हातावर तोलला, नाक मुरडलं आणि मला न विचारता दार बंद ठेवणारी नायलॉनची दोरी कापून तिथं सुती दोरी बांधली.

मी भडकलोच. "अहो, ही कुजेल ना!"

"कुजायलाच पायजे."

पुढच्याच मोठ्या भरतीत तो हलका पिंजरा वाहून गेला. चार महिन्यांनी तो माणूस तोच पिंजरा घेऊन माझ्या दारात उभा. त्याच्या जाळ्यात अडकला होता. दोरी कुजून तुटलेली, दार सताड उघडं, आत एक नांगीसुद्धा नाही.

"बघा सर, आत कोण उपाशी मेलं नाय."

हल्ली मी त्याचाच जड पिंजरा वापरतो. मी दाराला दोरी बांधली की तो अजूनही ओढून बघतो, सुतीच आहे ना.