यात टाळ येतो का?

हाटकेशच्या नाक्यावर इअरफोनमधलं माझ्याएवढं कुणालाच कळत नाही. आणि माझा डावा कान बारा वर्षं झाली, ठार बंद आहे.

तरी माल खपतो. गाळ्यांच्या गेटसमोर माझं फोल्डिंगचं टेबल, वर छत्री, आणि स्वस्तातले इअरफोन दोरीला लटकवलेले. गिऱ्हाईक विचारतं, "भैया, बेस कैसा है?" मी डावीकडचं बोंड उजव्या कानात घालतो, मग उजवीकडचं पण उजव्याच कानात घालतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "एकदम कडक." तुम्ही पण घेतला असेल कधीतरी माझ्यासारख्याकडून. एक बाजू लवकरच बंद पडली असेल. बरोबर ना?

ज्यांची गोष्ट सांगतोय ते काका बेस विचारायचे नाहीत. ते टेबलासमोर आले की आधी चपला काढायचे. भर रस्त्यात, रिक्षा अंगावरून जातायत, आणि हे अनवाणी. कारण त्यांच्या मोबाईलमध्ये गावच्या मंडळाचं भजन होतं आणि त्यात मृदुंग त्यांनी स्वतः वाजवलेला. चपला घालून ते ऐकायचं नाही, असा त्यांचा नियम. मग इअरफोन हातात घेऊन म्हणायचे, "बघू दे. यात टाळ येतो का?"

काका रत्नागिरीकडचे. आतल्या गाळ्यात स्टीलच्या ताटल्या बनतात, तिथे प्रेसवर होते. ते मशीन पडतं तेव्हा माझ्या टेबलावरचा चहा हलतो. मी बाहेर होतो, ते त्याच्या पुढ्यात उभे असायचे. रोज.

पहिल्या दिवशीच मी अक्कल दाखवली. इअरफोनबरोबर रबराच्या तीन टोप्या येतात, त्यावर इंग्लिश अक्षरं असतात. मी शिकलेला चौथीपर्यंत, तेही बाकावर कमी आणि बाकाखाली जास्त. पण अक्षरं ओळखता येतात. मी आपलं लावलं होतं, एस म्हणजे स्त्री, एम म्हणजे मर्द, एल म्हणजे लेकरू. त्या हिशोबाने किती लेकरांच्या कानात मी सगळ्यात मोठं रबर कोंबलं, देवाला माहीत. काकांना मर्दाचं दिलं. ते कानात राहीना. सटकून पडायचं.

"ते बाईचं दे जरा."

"काका, लोक हसतील."

"हसू देत. माझ्या कानाला कळत नाय ते कोणाचं आहे."

बाईचं फिट्ट बसलं. पुढे एका कॉलेजच्या मुलीने मला स्मॉल, मिडियम, लार्ज समजावलं. मी ते काकांना सांगितल्यावर ते चहा सांडेपर्यंत हसले. तरी नंतर प्रत्येक वेळी मागायचे "बाईचंच."

"बेस काय, कुठल्याही डबड्यातून येतो," ते म्हणायचे. "मृदुंगाची धूम पत्र्यातून पण ऐकू येईल. टाळ बारीक असतो रे. त्याच्यावर तर सगळं भजन उभं असतं. ज्यातून टाळ येतो तो माल खरा."

टाळ आला की त्यांचा चेहरा बघायचा. बोटं आपोआप माझ्या टेबलावर चालायची आणि दोरीवरचे सगळे इअरफोन डोलायला लागायचे. दोन-चार गिऱ्हाइकं थांबून बघायची. माझी फुकटची जाहिरात.

मग एकदा नवा इअरफोन परत घेऊन आले. "यात टाळ नाय येत रे."

मी दुसरा विकला. थोड्या दिवसांनी परत. "यात पण नाय." मी म्हटलं, "हल्ली मालच बोगस येतोय काका." तिसरा दिला. ते आवाज वाढवत जायचे. इतका, की कानात त्यांच्या आणि भजन मला टेबलाच्या अलीकडे ऐकू यायचं.

एक दिवस म्हणाले, "तू ऐक बरं जरा." मी चांगल्या कानात घातलं. टाळ खणखणत होता. कान फाटतील इतका स्वच्छ. मी इअरफोन काढला, पुसला, आणि म्हटलं, "हां, दबलाय जरा."

मला कळलं होतं. आधी मी काशीमीऱ्याला लादी कापायच्या मशीनवर होतो, माझा कान तिथेच गेला. आणि तो एकदम नाही गेला. आधी बारीक बारीक आवाज गेले. कुकरची शिट्टी, बांगड्या, भांड्यातला चमचा. मला वाटलं, बायको सुधारली, हळू काम करायला लागली. म्हणजे या नाक्यावर काकांना खरं सांगू शकणारा मी एकटाच होतो. आणि मी त्यांना दरवेळी नवा इअरफोन दाखवत होतो.

त्यांनी विचारलं पण. गेटवर कोणी नव्हतं. चपला काढल्या नाहीत, मोबाईल पण काढला नाही. म्हणाले, "तुझ्या कानाला सुरुवातीला कसं झालं होतं रे?"

मी काय बोललो असेन? "बायकोची बोलणी खाऊन थकला काका, लवकर रिटायरमेंट घेतली."

ते हसले. खूप वेळ हसले. मग दोरीवरचा एक इअरफोन काढून म्हणाले, "हा बघू." मला आता वाटतं, त्या दिवशी ते इअरफोन घ्यायला आलेच नव्हते.

गणपतीला गावी गेले ते परत आले नाहीत. दिवाळी झाली. गाळ्यातले म्हणाले, सोडलं त्यांनी. मग एका दुपारी काकू आल्या. काकांची इथली खोली खाली करायला आल्या होत्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मी काकांना विकलेले सगळे इअरफोन, नीट गुंडाळून रबर लावलेले.

"हे घे. घरात कोणाला लागत नाय आता."

मी काकांचं विचारलं. काकू उभ्यानेच सांगत होत्या. गणपतीसमोर भजन चाललेलं. बुवांनी संपवलं, टाळकरी थांबले, पेटी थांबली, आणि काका एकटेच वाजवत राहिले. डोळे मिटून. सगळी मंडळी बघतेय. शेवटी बुवांनी उठून त्यांच्या हातावर हात ठेवला. त्या रात्रीपासून मृदुंग खुंटीला आहे. डॉक्टर म्हणाले, मशीनने कान गेले, आधी आला असतात तर उरलेलं वाचवता आलं असतं. आता पडवीत बसून असतात. हाक मारली तर बघत नाहीत, हात लावला की दचकतात.

"मला पण एकदा ऐकवलं होतं त्यांनी," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, अहो, टाळ येतोय की चांगला. तुमचे कान दाखवून या. तर मलाच बोलले. तुला काय कळतंय त्यातलं, तो इअरफोनवाला पण म्हणतो दबलाय."

मी पिशवी घेतली. आणि मी जे नेहमी करतो तेच केलं. म्हटलं, "काकू, माझं बोलणं तर माझी बायको पण मनावर घेत नाही..."

"दात नको काढू," काकू म्हणाल्या. "तीस वर्षं संसार केला माझ्याबरोबर. माझं ऐकलं नाय, तुझं ऐकलं. तुझ्यासारख्याचं."