थेंबवाले डॉक्टर आणि श्रावणातलं पाणी

आमच्या डॉक्टरांकडे कुणी खोकला घेऊन येवो, नाहीतर पायात मोडलेला काटा, ते आधी बोट मागायचे. सुई टोचायची, रक्ताचा एक थेंब काचेवर घ्यायचा, दुसऱ्या काचेनं तो पसरायचा आणि मगच "हं, आता बोला, काय होतंय?" म्हणून विचारायचं. अख्खं नाशिक त्यांना थेंबवाले डॉक्टर म्हणायचं. "काटा पायात आहे हो, बोटात नाही!" असं एकदा पंचवटीतल्या एका पुजारीबुवांनी ठणकावलं, तर हे म्हणाले, "रक्त दोन्हीकडे एकच आहे, बुवा." बुवांनी मुकाट्यानं बोट पुढे केलं.

मी त्यांच्याकडे नर्स होते. काचा रंगवायचं काम माझं. रंग विलायतेहून बाटलीत यायचा, पण तो धुवायला पाणी लागायचं ते मात्र आभाळातलंच. विहिरीच्या पाण्यानं धुतलं की सगळी काच निळीशार होऊन जायची आणि तांबड्या पेशींचा गुलाबी रंग काही दिसायचाच नाही. म्हणून श्रावणात डॉक्टर स्वतः अंगणात घमेली मांडून बसत. "पत्र्यावरचं नको, यमूताई, थेट वरचं," असं बजावत काचेच्या बरण्या भरून घेत. बरण्यांना फडकी बांधून वर्षभर पुरवायचं. घरात लोणच्याच्या बरण्यांना एवढा मान नव्हता! एकदा बरणी संपली म्हणून मी गुपचूप विहिरीचं पाणी वापरलं, तर आठवडाभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्या अबोल्याची मला जन्माची धास्ती बसली.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे "मला माहीत नाही" हे वाक्य. इतर डॉक्टर छातीठोकपणे सांगायचे आणि लोकांना तेच आवडायचं. मी कुरकुर केली की म्हणायचे, "माहीत नाही ते माहीत नाही. जे दिसतं त्याचं चित्र काढून ठेवू. उद्या कुणाला तरी उपयोगी पडेल." आणि खरंच, सूक्ष्मदर्शकात दिसलेली एकेक पेशी ते रंगीत पेन्सिलींनी वहीत काढून ठेवायचे.

संक्रांतीच्या तोंडावर निफाडकडून सखाराम नावाचा शेतकरी आला. तिशीतला, पण चेहरा पांढराफटक. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, ताप. हिवताप म्हणून गावात पोटभर कोयनेल पाजून झालं होतं. सोबत बायको भागूबाई. त्यानं हौसेनं द्राक्षाचा मळा लावला होता, पहिलाच घड धरला होता आणि बोलणं सगळं त्या मळ्याचंच. डॉक्टर त्या दिवशी घोटीला गेले होते. मी थेंब घेतला, काच रंगवली, भिंगातून पाहिलं. जिकडे बघावं तिकडे मोठमोठ्या निळ्या पेशी! मेलं पाणी पुन्हा बिघडलं, आता पुन्हा अबोला. मी ती काच स्पिरिटनं पुसून टाकली आणि सांगितलं, "पाणी खराब झालंय. संक्रांत होऊन जाऊ दे, आठ दिवसांनी या, पुन्हा थेंब घेऊ."

आठ दिवसांनी ती दोघं आली. नवी बरणी उघडून डॉक्टरांनी स्वतः काच रंगवली. तरी निळ्याच निळ्या! भिंगावरून डोळा न काढता ते म्हणाले, "यमूताई, पाणी नाही बिघडलं. रक्त बिघडलंय. ह्याला ल्युकेमिया म्हणतात, आणि हा फार वेगानं जाणारा प्रकार आहे." मी तिथंच रडत सगळं कबूल केलं. मला वाटलं, आता जन्माचा अबोला. पण ते एवढंच म्हणाले, "जे दिसलं ते पुसायचं नसतं."

सखारामनं सरळ विचारलं, "घड पिकंपर्यंत हाय का मी?"

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "औषध माझ्याकडे नाही, मुंबईतही कुणाकडे नाही. तुमच्या भावाचं रक्त जुळलं तर देऊन बघू. पण मळ्याचं जे काही शिकवायचं असेल ते बायकोला आजपासून शिकवा."

रक्त जुळलं. ते दिल्यावर सखारामच्या तोंडावर लाली आली, आणि तो बैलगाडीत गादी टाकून मळ्यात गेला. बांधावर आडवा पडून तो सांगायचा आणि भागूबाई कात्रीनं घडांतले दाट मणी विरळ करायची. पण घड गोड व्हायला आठ-दहा दिवस उरले होते, तेव्हा तो गेला.

भागूबाई द्राक्षांची पाटी घेऊन आली, तेव्हा मला राहवलं नाही. पुसलेल्या काचेचं सगळं सांगून टाकलं. "माझ्यामुळे तुमचे आठ दिवस गेले हो," म्हटलं. तिनं कपाळावरचा पदर सारखा केला. "बाई, त्या आठ दिवसांत संक्रांत व्हती. सुगडं पुजली, हातभर बांगड्या भरल्या, आख्ख्या आळीला हळदीकुंकू केलं. तुम्ही आधी सांगितलं असतं, तर माझ्या हातनं झालं असतं का ते? लय हसले व्हते त्या दिशी आमचे हे." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "तुम्ही थेंब घेतला, आता घड घ्या." डॉक्टरांनी एक द्राक्ष तोंडात टाकलं. मग म्हणाले, "गोड आहेत. विरळणी चांगली झालीय." तिचं तोंड असं उजळलं म्हणता!

डॉक्टरांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. या आजारावर औषधं निघाली, बरी होऊन घरी गेलेली माणसं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. त्यांच्या वहीसारख्या कितीतरी वह्या कुठं कुठं लिहिल्या गेल्या असतील, तेव्हा कुठं हे जमलं. ती वही त्यांच्या माघारी माझ्याकडे आली. कितीतरी दिवस सखारामचं पान उघडायचा मला धीर झाला नव्हता. एकदाचं उघडलं. निळ्या पेन्सिलीनं काढलेल्या त्या पेशी, आणि खाली त्यांच्या बारीक अक्षरात:

"सखाराम, निफाड. पहिली काच मी पाहिली नाही, पण तीही अशीच असणार. पाणी चांगलं होतं. यमूताईंचा हात चांगला आहे."