हेल्वीचा मऊ आवाज

तौनोला मरणाच्या दारातल्या माणसांचा हेवा वाटायचा. हसू नका! त्याच्या जागी असता तर तुमचाही असाच जळफळाट झाला असता.

त्याची बायको हेल्वी कुओपिओतल्या एका शुश्रूषागृहात नर्स. तिथे आलेला माणूस बरा होऊन घरी जात नाही. कामावरून आली की हेल्वी थेट सॉनात शिरायची, घाम निघेपर्यंत वाफ घ्यायची, आणि बाहेर आल्यावर कामावरचं अवाक्षर काढायची नाही. "तिथलं तिथे, इथलं इथे," हा तिचा शिरस्ता. तौनो रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा. त्याचंही काही म्हणणं नव्हतं.

पण एकदा तिची मोटार सुरू होईना, म्हणून तो तिला आणायला गेला आणि अर्धवट उघड्या दारातून त्याने ऐकलं. हेर्मान्नी नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याचा हात हातात घेऊन ही बाई म्हणत होती, "घाई नाही हं कसली. मी इथेच आहे." काय तो आवाज, लोणी नुसतं! आणि उभ्या संसारात तौनोच्या वाट्याला काय आलं? "बूट बाहेर काढ!" "किती घोरतोस रे!"

त्या दिवसापासून त्याला घास गोड लागेना. परक्याला लोणी आणि नवऱ्याला ताक, तेही आंबट!

पुढे त्याला सर्दी झाली. झालं, स्वारी पांघरूण ओढून कण्हायला लागली.

"ऊठ रे सोंगाड्या," हेल्वी म्हणाली. "नाक शिंकर आणि माशाचं सूप पी."

"त्या हेर्मान्नीशी बोलतेस तशी बोल ना एकदा माझ्याशी! मी कोण, रस्त्यावरचा?"

हेल्वीचा चेहरा उतरला. "नको, तौनो. भलतं काही मागू नकोस."

"बघ! माझ्यासाठीच जीभ जड होते तुझी."

मग ती पलंगाच्या कडेला बसली. त्याचा हात हातात घेऊन हळूहळू कुरवाळत म्हणाली, "घाई नाही हं कसली, तौनो. मी इथेच आहे."

हा आवाज कुणासाठी असतो ते आत्ता तौनोच्या टाळक्यात शिरलं. त्याने झटकन हात ओढून घेतला.

"पुरे! पुरे, हेल्वी. ओरड माझ्यावर. शिव्या दे हव्या तर."

"मग ऊठ की, आळशा!" हेल्वी खेकसली आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.